टायगर जेवायला येतोय

सोमवार, ४ मार्च

आजपासून आयुष्याला शिस्त. रोज अर्धा तास पोकर. अर्धा म्हणजे अर्धाच.

कारण असं की लेक आठ महिन्यांपूर्वी नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली, आणि तेव्हापासून मी संध्याकाळी कपाटं आवरतो. हिच्या (म्हणजे बायकोच्या) म्हणण्याप्रमाणे मी आवरलेल्या कपाटात काहीही सापडत नाही. काल चिमणी (म्हणजे लेकच, पाळण्यातलं नाव वेगळं आहे पण ते फक्त बँकेत वापरतात) दोन दिवस राहून परत जाताना माझ्या जुन्या लॅपटॉपवर पोकरचं सॉफ्टवेअर डाऊनलोड करून गेली. पैसे नाहीत, नुसत्या खोट्या चिप्स, म्हणजे पैशांऐवजी चकत्या, फक्त मजा. म्हणाली, बाबा, अकाउंट उघडा, ईमेलवर लिंक येईल ती दाबा, मग दर रविवारी अकराला आम्ही ऑफिसातले काही जण खेळतो त्यात तुम्हीही या.

ईमेलचा पासवर्ड आठवला नाही. तो हिला माहीत आहे, पण हिला विचारलं की कशाला हवाय हे सांगावं लागतं. खाली दुसरं बटण होतं, प्ले नाऊ. ते दाबलं. लगेच टेबल उघडलं. लिंक वगैरे भानगडी हव्यात कशाला?

निश्चय: महिनाभर गुपचूप तयारी करायची आणि मग एका रविवारी जाऊन चिमणीच्या ऑफिसचे दात घशात घालायचे.

मंगळवार, ५ मार्च. सकाळी ७.१०

नियम समजले. प्रत्येकाच्या हातात दोन झाकलेले पत्ते, टेबलावर पाच उघडे. चांगले आले तर बोली वाढवा, वाईट आले तर पत्ते टाका, आणि वाईट असून चांगले असल्यासारखं वागा म्हणजे ब्लफ. अठ्ठावीस वर्षं दातांच्या लॅबमध्ये कवळ्या करतोय. तोंड बघून माणूस ओळखणं हा माझा धंदाच आहे.

टेबलावर माझ्याशिवाय चार जण. टायगर, कॅप्टन, प्रोफेसर आणि ब्लूबर्ड. प्रत्येकाच्या नावाशेजारी हसऱ्या चेहऱ्याचं चित्र आहे. बाकीचे खेळाडू चित्राकडे ढुंकून बघत नसतील. मी दात बघितले. प्रोफेसरचा खालचा जबडा पुढे: हट्टी. कॅप्टनचे दात एका ओळीत, सरळ: माणूस शब्दाचा पक्का. टायगरचे सुळे वाजवीपेक्षा लांब. याच्यापासून सांभाळून राहायचं. ब्लूबर्डचं तोंड मिटलेलं. लाजाळू असावी.

वर उजव्या कोपऱ्यात सारखं प्रॅक्टिस असं लिहून येतं. सराव करत राहा, असा सल्ला. कंपनी प्रेमळ दिसते.

गुरुवार, ७ मार्च

दहा हजार चिप्स अकरा मिनिटांत गेल्या. खुर्ची हलत होती.

सॉफ्टवेअरने न मागता आणखी दहा हजार दिल्या. माझ्यात त्यांना काहीतरी दिसलं असणार, उगाच कोण देतं?

शनिवार, ९ मार्च

निरीक्षण: चौघंही चाल करायला बरोबर तीन सेकंद घेतात. पत्ते चांगले असोत, वाईट असोत, तीन सेकंद. याला म्हणतात तयारी. गेल्या पाच दिवसांत कोणाला फोन आला नाही, कोणाच्या घरी बेल वाजली नाही, कोणी चहाला उठलं नाही. इकडे मी दोन चालींमध्ये दूध उतरवून आलो आणि गॅस चालूच ठेवला.

खाली गप्पांची खिडकी आहे. टायगरला लिहिलं की आज गुडघा दुखतोय. त्याचं उत्तर, नाइस हँड. गुडघ्याबद्दल बोललो तर हाताचं कौतुक. मोठ्या मनाची माणसं अशीच असतात.

रविवार, १० मार्च

अकराला चिमणीचा फोन. बाबा, येताय ना, टेबल लावलंय. म्हणालो, नळ गळतोय, प्लंबर येणार आहे. प्लंबर वगैरे काही नाही. पण कच्चा पैलवान आखाड्यात उतरवत नाहीत. ती म्हणाली बरं. जरा उतरलेल्या आवाजात म्हणाली, पण ते लाइनमुळे असेल.

अकरा ते एक माझ्या टेबलावर बसलो. चारदा दहा हजार गेल्या.

बुधवार, १३ मार्च. दुपारी ३, लॅब

हातातलं काम बाजूला ठेवून हे लिहितोय, कारण डोक्यात लख्ख प्रकाश पडला आहे.

ब्लूबर्ड म्हणजे चिमणी!

पुरावे. एक, घरात आम्ही तिला चिमणी म्हणतो आणि ही निळा पक्षी. दोन, सॉफ्टवेअर तिनेच डाऊनलोड करून दिलं. तीन, आणि हे महत्त्वाचं, मी मोठी बोली लावली की ब्लूबर्ड पत्ते टाकते. प्रत्येक वेळी. परक्या माणसाला कशाला एवढा कळवळा येईल? बापाला हरवायचं नाही म्हणून पोर हातातले पत्ते फेकून देते आहे.

काल गप्पांच्या खिडकीत सहज लिहून पाहिलं, आईची कंबर आता बरी आहे. ब्लूबर्डचं उत्तर आलं, गुड लक एव्हरीवन. म्हणजे आईलाही, मलाही, सगळ्यांनाच. डोळे भरून आले. घरात असताना पोरीला साधं गुड मॉर्निंग म्हणायला फुरसत नसायची.

ओळखलं हे तिला कळू द्यायचं नाही. तिचा डाव तिला खेळू दे.

शुक्रवार, १५ मार्च

लॅबमध्ये किरकोळ गोंधळ. बुधवारच्या त्या लख्ख प्रकाशात एका निवृत्त हेडमास्तरांची वरची कवळी आणि एका गाणाऱ्या बाईंची खालची कवळी एकाच डबीत गेली. डॉक्टरांचा फोन आला की हेडमास्तरांचं तोंड मिटत नाहीये आणि बाईंचं उघडत नाहीये.

मालकांनी बोलावलं. मी पोकर फेस केला, म्हणजे चेहरा अगदी कोरा ठेवला. मालक म्हणाले, असं काय बघताय, पोट बिघडलंय का? घरी जा. अर्धा दिवस रजा मिळाली. ब्लफ जमायला लागला आहे.

मंगळवार, १९ मार्च

ही आठवीला गणित शिकवते. वह्या तपासता तपासता माझ्या खांद्यावरून बघत होती. टेबलावरचे आणि माझे मिळून सत्ती, अठ्ठी, दश्शी, गुलाम जमले होते. मधली नव्वी आली की ओळ पूर्ण. सगळ्या चिप्स पुढे ढकलल्या. ही म्हणाली, न दिसलेले सत्तेचाळीस पत्ते, त्यात नव्व्या चार, पुढचा पत्ता बारापैकी अकरा वेळा तुम्हाला रडवणार.

म्हटलं, गणिताने पेपर सुटतात, माणसं नाही. टायगरचा सुळा बघ, घाबरलाय तो.

टायगर घाबरला नव्हता. हिने लाल पेनने एका वहीवर मोठी फुली मारली. ती त्या पोराच्या उत्तरावर होती असं मी धरून चाललो आहे.

रविवार, २४ मार्च. दुपारी १२.१५

आज फार मोठा दिवस. जसं झालं तसं लिहून ठेवतो.

चिमणीचा फोन आला. नेहमीचं टेबलावर या नाही. मग म्हणाली, बाबा, एक सांगायचंय, रागावू नका. मी ताडलं. बाईसाहेबांना आता लपवणं जड झालंय.

म्हटलं, काही सांगू नकोस. मी ओळखलंय. दहा-बारा दिवस झाले.

मग म्हणाली, कसं ओळखलंत? म्हटलं, तुझे पंख मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार? म्हणाली, पंख? म्हटलं, उड हो तू, खुशाल उड, बाप खाली उभा आहे. मग अगदी हळू म्हणाली, म्हणजे तुम्हाला चालेल? म्हटलं, चालेल काय, धावेल! मला तुझा अभिमान वाटतो.

फोनवर रडायला लागली. एवढंसं गुपित ते काय, आणि पोरीने किती मनाला लावून घेतलं होतं! तिची भीती समजू शकतो. गेल्या वर्षी तिच्या मावशीने एक स्थळ आणलं होतं. फोटोतच मुलाचे पुढचे दात वाकडे दिसले आणि मी तिथल्या तिथे नाही म्हटलं. तेव्हा ती दोन दिवस जेवली नव्हती. बहुधा मनातून तिलाही दात पटले नसावेत. तर बाप कडक आहे, हे तिच्या डोक्यात बसलं आहे. आज ते निघालं.

शेवटी म्हणाली, आईला सांगू? म्हटलं, छे छे, आईचं मी बघतो. योग्य वेळ आली की सांगेन. आईला यातलं काय कळणार?

मंगळवार, २६ मार्च

चिमणीचा मेसेज. बाबा, येत्या रविवारी त्याला घेऊन येऊ का? तो तुम्हाला फार घाबरतो.

तो म्हणजे कोण ते सांगायला नको. जो रोज माझ्या चिप्स फस्त करतो तोच. टायगर! आणि हा वाघ मला घाबरतो! म्हणजे वरवरची गुरगुर होती तर. उत्तर पाठवलं, खुशाल येऊ दे, त्याला म्हणावं समोरासमोर बघू.

तासाभराने दुसरा मेसेज. त्याचे आईवडीलही येऊ का विचारतायत.

कॅप्टन आणि प्रोफेसर! अख्खं टेबल एकाच घरातलं. तरीच सगळ्यांना चालीला तीनच सेकंद लागतात. घराची वळणं असतात एकेक.

हिला सांगितलं, रविवारी चिमणी येते आहे, सोबत तीन ओळखीची माणसं, पत्ते खेळू, विशेष काही करू नकोस. ही म्हणाली, नाही, विशेष काही नाही करत.

बुधवार, २७ मार्च

घरी आलो तर खिडक्यांना नवे पडदे. ही म्हणाली, जुने फाटले होते. फाटले नव्हते. पण वाद घातला नाही, दोन डाव राहिले होते.

गुरुवार, २८ मार्च

हिने माझ्यासाठी नवा शर्ट आणला. स्वतःसाठी साडी. बैठकीची खोली पुसून काढली, कपाटामागची जळमटंसुद्धा. चार पत्तेबाजांसाठी एवढी तयारी! तोंडाने काही म्हणो, आतून हिला माझ्या खेळाबद्दल आदर वाटायला लागला आहे. बायकांचं असंच असतं, कळतं पण मान्य करत नाहीत.

मध्ये मध्ये गालातल्या गालात हसते. विचारलं तर म्हणते, दाढ दुखतेय. बघू म्हटलं तर तोंड उघडेना.

शुक्रवार, २९ मार्च. लॅब

खऱ्या टेबलाला खऱ्या चिप्स हव्यात. कवळीच्या हिरडीसाठी जे गुलाबी अ‍ॅक्रिलिक वापरतो त्याच्या साठ चकत्या पाडल्या. जेवणाच्या सुट्टीत, मालकांच्या मागे. पॉलिशवाल्या बाईंनी चकचकीत करून दिल्या. त्यांनी विचारलं, एवढ्या गोल हिरड्या कोणाच्या? म्हटलं, खास पाहुणे आहेत. त्या म्हणाल्या, मुलीसाठी का? म्हटलं, हो, मुलीच्याच ओळखीतले. त्यांनी अभिनंदन केलं. एवढ्या लांबपर्यंत माझ्या खेळाची बातमी पोचली आहे.

रविवार, ३१ मार्च. सकाळी ९.३०

सज्ज. टोपी आहे. काळा चष्मा आहे, डोळ्यांतलं कोणाला दिसायला नको. चकत्या काचेच्या वाडग्यात. लॅपटॉप चालू करून ठेवलाय, म्हणजे जुने हिशेब दाखवता येतील.

डावपेच: टायगरला आधी जिंकू द्यायचं, मग जेवणानंतर सुस्तावला की फाडायचा. कॅप्टनशी सरळ खेळायचं. प्रोफेसरला बोलण्यात गुंतवायचं.

ही म्हणते, चष्मा काढा. काढणार नाही. बेल वाजली.

रविवार, ३१ मार्च. संध्याकाळी ६

पाहुणे पाचला गेले. क्रमाने लिहितो.

दार उघडलं. चिमणी, एक उंच काटकुळा मुलगा, त्याचे आईवडील. मी काळ्या चष्म्यातून बघत म्हणालो, या टायगर! मुलगा न अडखळता म्हणाला, नमस्कार काका. पुरता तयार. त्याच्या आईला विचारलं, कॅप्टन आपणच का? त्या म्हणाल्या, हॉस्पिटलमध्ये सिस्टर म्हणतात, पण चालेल. वडील घड्याळं दुरुस्त करतात. त्यांना प्रोफेसर म्हटलं तर त्यांनी मान डोलावली आणि वाडग्यातली एक चकती उचलून तोंडात टाकली. गोळी समजले. कडकन आवाज झाला. दाढ जरा हललीय, बुधवारी लॅबच्या डॉक्टरांकडे नेतोय.

मग मी लॅपटॉप पुढे ओढला आणि म्हटलं, चला, सत्तावीस दिवसांचा सोक्षमोक्ष लावू. मुलाने स्क्रीनकडे पाहिलं. कॉम्प्युटरमधलाच आहे तो. मग अगदी अदबीने म्हणाला, काका, हे प्रॅक्टिसचं टेबल आहे. अकाउंट नसेल तर हेच उघडतं. हे चौघं कॉम्प्युटरच आहेत.

विचारलं, चौघंही? म्हणाला, चौघंही. विचारलं, टायगर? म्हणाला, टायगरसुद्धा. मग तो खाली बघत म्हणाला की वर लेव्हल लिहिली आहे, अगदी नवशिके.

चष्म्याआड असल्यामुळे कोणाला काही दिसलं नाही. ब्लूबर्ड कॉम्प्युटर. म्हणजे महिनाभर मी मशीनला बायकोच्या कंबरेची खबर देत होतो, आणि माझी पोर दर रविवारी अकराला खऱ्या टेबलावर माझी वाट बघत होती. या गोष्टीचं मला आत्ता लिहितानाही फार वाईट वाटतं आहे.

आणि मग दुसरी गोष्ट उलगडली. ब्लूबर्ड चिमणी नव्हती तर फोनवर ती सांगत काय होती? हा मुलगा कोण? याचे आईवडील नवे कपडे घालून माझ्या सोफ्यावर का बसलेत? मी नक्की कशाला हो म्हणालो?

मुलगा ओशाळून हसला. पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले. खालची ओळ तर विचारू नका.

मी चिमणीकडे बघितलं. ती मुलाकडे बघतच नव्हती. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. लहानपणी प्रगतीपुस्तकावर सही घ्यायला यायची तेव्हा जशी उभी राहायची तशीच उभी, हात मागे, श्वास रोखून. मी आता जे बोलेन त्यावर तिचं सगळं अवलंबून होतं. मी म्हणू शकलो असतो की थांबा, मला काहीच माहीत नव्हतं, माझा शब्द मोजू नका.

चष्मा काढला. मोठ्याने हसलो. म्हणालो, कशी फिरकी घेतली! अहो, कॉम्प्युटर आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. जावई शांत डोक्याचा आहे का, तेवढंच बघत होतो. पास झाला.

मुलाला जवळ घेतलं. त्याला म्हटलं, दात चांगले मजबूत आहेत तुझे. हे खरं आहे. वाकडे आहेत पण मजबूत आहेत. त्याची आई डोळे पुसायला लागली. चिमणी गळ्यात पडली आणि सोडेचना. सगळ्यांनी विश्वास ठेवला, एकालाही शंका आली नाही. आयुष्यातला सर्वात मोठा ब्लफ, आणि तो मी एकट्याने, हातात एकही पत्ता नसताना मारला!

मुलगा चांगला आहे. जेवल्यावर स्वतःचं ताट स्वतः उचललं. मला आवडला.

त्याच दिवशी, ६.४०

वरचं हिला वाचून दाखवलं. रोजनिशी कोणाला दाखवायची नसते, पण राहवलं नाही.

ही भांडी पुसत होती. पुसणं न थांबवता म्हणाली, त्या रविवारी तुमच्याशी बोलून झाल्यावर दहा मिनिटांत चिमणीने मला फोन केला होता. विचारत होती, आई, बाबा काहीतरी पंखांचं बोलतायत, त्यांना खरंच कळलंय का गं? मी म्हटलं, त्यांना काडीचंही कळलेलं नाही. पण हो म्हणालेत ना? मग आता गप्प बस आणि काही समजावायला जाऊ नकोस. समजावलंस तर ते फोटो मागतील.

विचारलं, आणि त्या लोकांना? ही म्हणाली, त्यांनाही सांगून ठेवलं होतं. आमचे हे दारात काहीही नावाने हाक मारतील, तुम्ही नमस्कार म्हणायचं आणि आत यायचं.

म्हणजे टेबलाला आम्ही सहा जण होतो आणि पत्ते फक्त माझे उघडे होते.

मग मी जरा कडक आवाजात म्हणालो की ठीक आहे, झालं ते झालं, पण आता पुढचं माझ्या सल्ल्याने ठरवायचं. तारीख, हॉल, सगळं. ही म्हणाली, हॉल बुधवारीच बुक केला, जूनची नऊ तारीख. विचारलं, मला न विचारता? तर म्हणाली, तुम्हाला काय विचारायचं, तुमचा होकार तर सगळ्यात आधी आला होता.